नाताळ आणि घर: सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर सरत आला की मंडळीतल्या बायकांच्या डोक्यात फराळ असतो, पोरांच्या डोक्यात चांदणी आणि पाळकसाहेबांच्या डोक्यात उपासनांचं वेळापत्रक. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुपवाड या भागातल्या घरांतून दरवर्षी जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही शास्त्राचे आहेत, बरेचसे स्वयंपाकघराचे आणि नात्यागोत्याचे. त्यांच्यात आम्ही वेगळे कप्पे केलेले नाहीत, कारण घरात ते तसे नसतात.

आगमनकाळ कधी सुरू होतो? 1 डिसेंबरलाच का नाही?

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला रविवार म्हणजे आगमनकाळाची सुरुवात, आणि तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कुठेही येतो. 2026 मध्ये नाताळ शुक्रवारी आहे, म्हणून पहिला रविवार 29 नोव्हेंबरचा. पुढचे 6, 13 आणि 20 डिसेंबर.

चार मेणबत्त्या लावणाऱ्या घरांत दर रविवारी एक वाढते. कॅथोलिक पद्धतीत तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते. प्रोटेस्टंट घरांत रंगांचा आग्रह कमी, चारही पांढऱ्या असल्या तरी कुणी काही म्हणत नाही. मेणबत्त्यांभोवती सुरूच्या फांद्या ठेवल्या तर त्या पाच-सहा दिवसांत वाळतात आणि वाळलेली सुरू ठिणगीला पटकन पेट घेते. दर रविवारी फांद्या बदला, नाहीतर पितळी ताटात ओली वाळू भरून त्यात मेणबत्त्या रोवा. वाळूचं ताट दिसायला साधं, पण लहान मुलांच्या घरात तेच बरं.

घरची उपासना दोन दिवस टिकते आणि तिसऱ्या दिवशी बंद पडते. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीन गोष्टी चुकतात.

पहिली म्हणजे वेळ. जेवणाआधी बसलं तर मुलं भुकेली, जेवणानंतर अर्ध्या तासाने बसलं तर पेंगुळलेली, आणि घरातली बाई भांड्यांत अडकलेली. सगळ्यांची ताटं उचलायच्या आधी, आहे तिथेच बसून केलेली उपासना जास्त टिकते. उष्टी ताटं समोर असणं काहींना खटकतं. ती एका बाजूला सरकवा, पण उठू नका. एकदा माणसं उठली की परत गोळा करण्यात वीस मिनिटं जातात.

दुसरी म्हणजे लांबी. एका गीताची दोन कडवी, एक लहान उतारा, एक प्रश्न, प्रार्थना. हे सगळं बारा मिनिटांत बसवा. गीत तीन मिनिटं, वाचन तीन, बोलणं दोन, प्रार्थना चार. प्रश्न साधा असावा: "यातलं कोण तुला आवडलं?" किंवा "तू तिथे असतास तर काय केलं असतंस?" मुलाने दिलेलं उत्तर सुधारत बसू नका.

तिसरी चूक सगळ्यात वाईट, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. प्रार्थनेतून टोमणे मारले जातात. "हे प्रभू, या घरातल्या काही जणांना वडीलधाऱ्यांचा मान राखायला शिकव," असं सासऱ्यांनी डोळे मिटून म्हटलं की सूनबाईला बरोबर कळतं कुणाबद्दल आहे ते. मुलाच्या मार्कांचंही तसंच. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्याशी उपासनेबाहेर, समोरासमोर बोलावं. प्रार्थनेत दुसऱ्याच्या दोषाचा उल्लेख नाही, हा नियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने आधी स्वतःला लावून घ्यावा.

शास्त्र मोबाइलवर वाचत असाल तर आधी फ्लाइट मोड लावा. मध्येच शुभेच्छांचा मेसेज वाजला की लूकचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट, तिथेच संपतो.

रोज कोणता भाग वाचावा?

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या पुस्तकात, 24 अध्याय आहेत, म्हणून 1 ते 24 डिसेंबर रोज एक अध्याय ही पद्धत सोपी वाटते. मोठ्यांच्या घरात ती चालतेही. मात्र पहिल्याच अध्यायात 80 वचनं आहेत, ती मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. शिवाय अशा क्रमाने 24 डिसेंबरला तुम्ही पुनरुत्थानाच्या अध्यायावर असता. त्यात गैर काहीच नाही, पण मुलं विचारतात की बाळ कधी जन्मलं.

लहान मुलांच्या घरांसाठी हा क्रम वापरून पाहा. 18 डिसेंबरला यशया 9:2–7. 19 ला लूक 1:5–25, म्हणजे जखऱ्याची गोष्ट. 20 ला लूक 1:26–38, गब्रीएलाचा निरोप. 21 ला 1:39–56, मरीया अलीशिबेकडे जाते तो भाग. 22 ला 1:57–80. 23 ला मत्तय 1:18–25, कारण योसेफाची बाजू तिथेच कळते. 24 च्या रात्री लूक 2:1–20. नाताळनंतर वाचन थांबवू नका: 28 डिसेंबरला मत्तय 2:13–23, 1 जानेवारीला लूक 2:21–40, आणि 6 जानेवारीला मत्तय 2:1–12. या तारखा मनाने ठरवलेल्या नाहीत. 28 तारखेला बेथलेहेमात मारल्या गेलेल्या बालकांची आठवण करायची जुनी प्रथा आहे, 1 जानेवारी हा नाताळपासूनचा आठवा दिवस, आणि 6 जानेवारी मागी लोकांच्या, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांच्या, भेटीचा. मत्तयाचा दुसरा अध्याय असा उलटसुलट वाचला जातो, तेवढं मुलांना आधी सांगा.

बाळ येशू गोठ्यात जन्मला, तीन राजे उंटावरून आले. हे शास्त्रात आहे ना?

अर्धंच आहे. लूक गव्हाणीचा उल्लेख करतो, गोठ्याचा नाही. त्या काळी तिकडच्या साध्या घरांत जनावरं रात्री माणसांच्याच छपराखाली असत, तेव्हा गव्हाणी घरातही असू शकते. मागी तीनच होते असं मत्तय सांगत नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून आकडा आला. त्यांना तो राजेही म्हणत नाही, उंटाचा उल्लेख करत नाही, आणि ते घरात शिरले असं लिहितो. मेंढपाळ फक्त लूकमध्ये, मागी फक्त मत्तयात. संडेस्कूलच्या नाटकात सगळे एकत्र आले म्हणून बिघडत नाही, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाने विचारलं तर त्याला दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचू द्या.

मग 25 डिसेंबर ही तारीख?

शुभवर्तमानांत तारीख नाही. रोममध्ये चौथ्या शतकात हा दिवस पाळला जात होता, इ. स. 354 च्या एका रोमन पंचांगात त्याची नोंद सापडते. तारीख का निवडली याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हींना आधार आहे. जेवणाच्या पंगतीत कुणी यावरून वाद काढला तर एवढं पुरे.

नाताळच्या सकाळी उपासनेला घरातले सगळे जातात आणि आई मात्र घरी राहते. यावर काही उपाय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. जन्माची बातमी सांगायला घराबाहेर धावायचं आणि घरातल्या एका माणसाने ती दरवर्षी चुलीपाशी उभं राहून ऐकायची, हे शोभत नाही. मरीया अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहिली असं लूक लिहितो (1:56). उतारवयात दिवस राहिलेल्या नातेवाइकाच्या घरी तरुण मुलगी तीन महिने राहिली, तर ती काय नुसती स्तोत्र म्हणत बसली असेल का, याचा विचार घरोघरी व्हावा.

उपाय वेळापत्रकाचा आहे, भावनेचा नाही. तळणं 20 डिसेंबरच्या आत संपवा. शंकरपाळी आणि चिवडा 14–15 तारखेपर्यंत झाले तरी टिकतात, चकली 17–18 ला, करंजी 19–20 ला. केक 22 ला भाजला तर 25 पर्यंत मुरतो आणि कापायला सोपा जातो. 24 ला संध्याकाळी रस्स्याचं वाटण करून फ्रिजमध्ये ठेवा: कांदा-खोबरं भाजणं आणि वाटणं हे काम सकाळचा पाऊण तास खातं. मटण 24 ला रात्री आणत असाल तर हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये. 25 ला सकाळी आणायचं तर रांग मोठी असते आणि उपासना चुकते ती इथे.

25 ला सकाळी फक्त भात, भाकरी किंवा पुऱ्या आणि फोडणी राहिली पाहिजे. तेवढं काम उपासनेहून परतल्यावर चार माणसांत तासाभरात होतं. चार माणसांत पुरुषही धरले आहेत. कांदा चिरणं, नारळ फोडून खवणं, पाट-ताटं मांडणं, भांडी घासणं ही कामं आदल्या दिवशी नावं घालून कागदावर लिहा. नुसतं "मी मदत करीन" म्हटलं की नाताळच्या सकाळी तो माणूस इस्त्री शोधत असतो.

करंजी दोन दिवसांत मऊ पडते, शंकरपाळी तेलात विरघळते. प्रमाण सांगा.

करंजीच्या पारीसाठी अर्धा किलो मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि पाच मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. मोहन चोळल्यावर पिठाची मूठ वळली पाहिजे. वळत नसेल तर आणखी एक चमचा. दुधात घट्ट भिजवून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. सारणाला पाव किलो सुक्या खोबऱ्याचा किस, पाव किलो पिठीसाखर, 50 ग्रॅम भाजलेली खसखस, सात-आठ वेलदोडे. सुमारे 40 करंज्या होतात.

मऊ पडण्याची कारणं ठरलेली: खोबरं नीट भाजलं नाही, सारण गरम असताना साखर मिसळली, किंवा करंज्या कोमट असताना डबा बंद केला. तेलात फुटतात त्या कडेला सारण लागलं म्हणून. कडेला दुधाचं बोट फिरवा, सारण कडेपासून बोटभर आत ठेवा. पारीवर फोड येत असतील तर तेल जास्त तापलं आहे.

शंकरपाळीला एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध. साखर विरघळेपर्यंत गरम करा, उकळू नका. कोमट झाल्यावर मावेल तेवढा मैदा, साधारण पाच वाट्या. तूप जास्त झालं की ती तेलात विरते. पहिल्या चार तळून पाहा आणि विरत असतील तर उरलेल्या पिठात मैदा वाढवा. दगडासारखी झाली तर तूप कमी पडलं किंवा मळताना फार रेटलं.

घरी ओव्हन नाही. कुकरमध्ये फ्रूट केक होतो का?

होतो, आणि चांगला होतो. 200 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम पिठीसाखर, तीन अंडी, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, 200 ग्रॅम सुकामेवा. बेदाणे विकत आणायला आपल्या भागात लांब जावं लागत नाही, तासगाव-सांगलीची बाजारपेठ त्यासाठीच प्रसिद्ध आहे. सुटे आणले असतील तर कोमट पाण्यात दोनदा धुऊन फडक्यावर कोरडे करा, देठाच्या काड्या काढा. मग 100 मिली संत्र्याच्या रसात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. रमची गरज नाही. ज्या घरात दारू सोडण्याची धडपड चालू आहे, तिथे ती केकच्या निमित्तानेसुद्धा आणू नये.

लोणी-साखर पांढरट होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मैदा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून हलक्या हाताने मिसळा. सुकामेवा निथळून त्याला चमचाभर मैदा चोळला की तो तळाशी बसत नाही. मिश्रण घट्ट वाटलं तर निथळलेला रस दोन-तीन चमचे.

पाच लिटरच्या जुन्या, जाड बुडाच्या कुकरमध्ये दोन वाट्या मीठ पसरा, वर स्टँड ठेवा. रिंग आणि शिटी दोन्ही काढा. हे विसरलं तर वाफ कोंडते आणि केक ओला राहतो, शिवाय ते धोक्याचं आहे. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून सात इंची डबा आत ठेवा आणि मंद आचेवर 50 ते 60 मिनिटं. पहिली 40 मिनिटं झाकण उघडू नका. मधोमध खड्डा पडतो तो याच उतावळेपणामुळे. विणायची सुई घालून कोरडी निघाली की झाला. ते मीठ बरणीत भरून ठेवा, पुढच्या केकला चालतं, भाजीला नाही.

चांदणी घरी कशी बांधायची?

बुरुडाकडून तीन फुटी दहा कामट्या आणि आठ इंची पाच तुकडे आणा. कामट्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की बांधताना मोडत नाहीत. जमिनीवर पाच कामट्यांची पाच टोकांची चांदणी मांडा, आधी पाचही टोकं सुतळीने बांधा, मग आतल्या पाच फुल्या. अशाच दुसऱ्या पाच कामट्यांची. दोन्ही एकमेकींवर ठेवून टोकाला टोक बांधा आणि आतल्या फुल्यांच्या जागी दोन्हींच्या मध्ये आठ इंची तुकडे घालून फुगवटा आणा. एक बाजूचा त्रिकोण कागदाविना मोकळा ठेवा, दिवा बदलायला तिथूनच हात जातो.

पताकांचा पातळ कागद खळीने चिकटवला तर डिसेंबरातलं दव दोन रात्रींत तो सोडवतं. गच्चीवर टांगायची असेल तर प्लॅस्टिकचा रंगीत कागद आणि पारदर्शक टेप वापरा. व्हरांड्यात पताकेचा कागद चालतो आणि उजेडही त्यातूनच छान दिसतो. दिवा 7 ते 9 वॉटचा एलईडी. उघड्यावरच्या वायरीला मध्ये जोड नको. आणि टांगायला दोरी दोन ठिकाणी बांधा, एका दोरीवरची चांदणी वाऱ्याने गरगरते आणि वायर पिळून तुटते.

गव्हाणीच्या देखाव्यात हिरवळ कशी आणायची?

गहू आठ-दहा तास भिजवून 13–14 डिसेंबरला पसरट ट्रेमध्ये दोन इंच मातीवर दाट पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या, घटस्थापनेला शेजारी करतात तसंच. थंडीत उगवण रेंगाळते, म्हणून ट्रे घरातच ठेवा. चार दिवस झाकून, नंतर खिडकीपाशी. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की बुरशी धरते आणि वास येतो. 24 पर्यंत चार-पाच इंच वाढते.

कडब्याचं छप्पर आणि पेटती मेणबत्ती एकत्र नको, कधीच नको. बाळाची मूर्ती 24 च्या रात्री वाचन झाल्यावर घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडून ठेवून घ्यावी. मागी दूर, कपाटाच्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवले तर 6 जानेवारीपर्यंत मुलांचा रस टिकतो. गव्हाणी मांडायची परंपरा जुनी आहे: असिसीच्या फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडून तिच्यापुढे उपासना केली होती.

काही प्रोटेस्टंट घरांना मूर्ती नको वाटतात. मग नुसती गवत भरलेली रिकामी टोपली ठेवा.

शेजाऱ्यांना फराळ देताना काय पाहावं?

काही वर्षी डिसेंबरचे गुरुवार मार्गशीर्षातले असतात. 2026 मध्ये अधिक महिना आल्यामुळे 24 डिसेंबरचा गुरुवार तसा आहे, आणि दत्तजयंतीही त्याच सुमारास. शेजारच्या वहिनींचा त्या दिवशी उपास असणार. ताट 26 ला द्या, किंवा 25 ला संध्याकाळी. केकमध्ये अंडं आहे हे न विचारता सांगा. अंड्याचा केक आणि फराळ एकाच ताटात नको. दिवाळीला त्यांच्याकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

घरात मी एकटीच ख्रिस्ती आहे. नाताळ कसा पाळू?

मोठा देखावा उभा करण्याआधी सासरच्यांशी एक गोष्ट बोलून घ्या: कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यात. पहाटेची वीस मिनिटं, एक दिवा, लूकचा दुसरा अध्याय आणि एक गीत, एवढं कुणाला अडवावंसं वाटत नाही. चर्चला जायचं असेल तर नवऱ्याला आधीच्या रविवारी सांगा, 25 च्या सकाळी नाही. घरच्यांच्या सणात तुम्ही स्वयंपाकाला उभ्या राहता, तसं त्यांच्यातल्या कुणीतरी तुमच्या करंज्या भरायला बसावं असं मोकळेपणाने म्हणा. मुलांना दोन्ही घरांच्या गोष्टी कळू देत, पण त्यांना पंच करू नका. "तुला कुठला देव आवडतो?" हा प्रश्न आजीने विचारला तरी आणि पाळकांनी विचारला तरी चुकीचाच.

जमिनीवरून भावाशी बोलणं बंद आहे. नाताळला जावं का?

जावं, पण नाताळच्या दिवशी नाही. मत्तय 5:23–24 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, म्हणजे क्रम स्पष्ट आहे. 15 ते 20 डिसेंबरच्या दरम्यान जा. एकट्याने जा, फार तर बायकोला घेऊन. चार माणसांची फौज नेली की ती पंचायत होते. फराळाचा डबा न्या. सातबारा, वाटणी, विहिरीचं पाणी, आईचे दागिने यातला एकही विषय त्या भेटीत काढू नका. त्याने काढला तर "त्याला आपण जानेवारीत बसू" म्हणा आणि खरंच बसा. दार उघडलं नाही तर डबा वहिनींकडे देऊन परत या.

क्षमा म्हणजे दाव्यातला हक्क सोडणं नव्हे. कोर्टात तारीख चालू असताना भावाच्या मुलांना नवे कपडे घेता येतात. आणि जिथे मारहाण झाली आहे, होते आहे, तिथे "नाताळ आहे, परत जा" असं कुणी बाईला सांगू नये, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही नाही. आधी तिची सुरक्षितता. महिलांसाठी 181 आणि तातडीला 112 हे क्रमांक घरातल्या मोठ्या मुलांनाही माहीत असू द्यावेत.

यंदा घरात मृत्यू झाला आहे. सण करावा की नाही?

यावर शास्त्राची बंदीही नाही आणि सक्तीही नाही. लोक मात्र दोन्ही बाजूंनी बोलतात. जन्माच्या कथेतच मत्तय मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीच्या आक्रोशाची आठवण करतो, आणि लूकमध्ये म्हातारा शिमोन मरीयेला तुझ्या जिवातून तलवार जाईल असं सांगतो, तेव्हा रडणाऱ्या घरात नाताळ शिरू शकत नाही असं म्हणता येत नाही.

फराळ एकाच प्रकारचा, तोही मुलांपुरता. चांदणी लावायची की नाही हे घरातल्या सगळ्यात जास्त दुःखी माणसाने ठरवावं. 24 ला दुपारी दफनभूमीत जाऊन कबर साफ करून फुलं ठेवा. संध्याकाळी तिथे अंधार असतो आणि गर्दीही. घरच्या प्रार्थनेत गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या. नाव न घेण्याचा अवघडलेपणा सगळ्यांना जास्त जड जातो. भेटायला येणाऱ्यांनी शुभेच्छा न देता नुसतं जवळ बसलं तरी चालतं; जाताना एक वेळचं जेवण देऊन जावं.

ड्यूटीमुळे 25 ला घरी नसतो.

मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांत परिचारिका आहेत, आणि रुग्णालयाला सुट्टी नसते. कुपवाडच्या कारखान्यांतल्या शिफ्टचंही तेच. मेंढपाळांना बातमी कळली ती रात्रपाळीतच (लूक 2:8). घरचं जेवण 26 ला किंवा येत्या रविवारी ठेवा आणि ते "उरलेलं" नसेल असं पाहा: मटण त्याच दिवशी आणा, नवे कपडे त्याच दिवशी घाला. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला सकाळी नऊच्या उपासनेसाठी उठवू नका. डब्यात करंज्या आठ-दहा जास्त द्या, वॉर्डात त्या वाटल्या जातात.

मुलांना सांताबद्दल काय सांगावं?

खरं ते. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते, त्यांचा दिवस 6 डिसेंबर, आणि गरिबांना गुपचूप देण्याबद्दल त्यांची ख्याती झाली. लाल डगल्याचा खेळ करायला हरकत नाही, पण "वाईट वागलास तर काही मिळणार नाही" ही धमकी कृपेच्या सणात बसत नाही.

मराठी चालींची गीतं की इंग्रजी कॅरोल?

दोन्ही चालतील, पण पायाखाली मराठी असावी. कवी नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली, आणि 1917 पासून साताऱ्यात राहून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळ उभा केला. त्या मातीत राहून आजी-आजोबांना न कळणारीच गाणी दारोदार म्हणणं बरं दिसत नाही. कॅरोलच्या फेरीत प्रत्येक घरी दहा-बारा मिनिटं: एक गीत, चार वचनं, घरातल्या आजारी माणसासाठी प्रार्थना. चहा दर पाचव्या घरी, नाहीतर फेरी मध्यरात्रीपर्यंत लांबते. दवाने ढोलकीची पुडी उतरते, ती शालीत गुंडाळून न्या. ध्वनिक्षेपक रात्री 10 नंतर बंद. 12 पर्यंतची सवलत वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच असते, जिल्हाधिकाऱ्यांची त्या वर्षीची यादी पाहून घ्या.

खर्च आवरत नाही.

जूनपासून महिन्याला 500 रुपये वेगळे टाकले तर नोव्हेंबरअखेर 3,000 होतात. कपडे, फराळ, दान असे तीन लिफाफे करा आणि दानाचा लिफाफा आधी भरा. सोनं तारण ठेवून नाताळ करू नये. उरलेल्या तेलात पुन्हा पुन्हा तळून वाचवलेले पैसे खोकल्याच्या औषधात जातात.

ऊसतोड कामगारांच्या कोपींवर काही न्यायचं आहे.

डिसेंबरात हंगाम भरात असतो आणि माणसं पहाटेच फडात जातात, म्हणून दिवस मावळल्यावर जा. आधी मुकादमाला आणि शेतमालकाला विचारा, किती कोपी आहेत ते कळतं आणि वाटताना कुणी राहत नाही. ब्लँकेट, मुलांचे स्वेटर, बायकांसाठी सॅनिटरी पॅड, टिकणारा फराळ. वापरलेले कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं लावून. फोटो नकोत. पत्रकंही नकोत, कुणी विचारलं की आज काय आहे, तर सांगावं.

चांदणी आणि झाड कधी उतरवायचं?

6 जानेवारीनंतर. चांदणीचा कागद फाडून टाका, कामट्यांचा सांगाडा माळ्यावर आडवा ठेवा. उभा ठेवला की टोकं वाकतात. फरशीवर सांडलेलं मेण सुरीने खरवडू नका, बर्फाचा खडा फिरवला की ते तडकून निघतं.

कुंडीतलं अरोकेरिया, ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात, ते रोषणाईच्या माळा काढल्यावर लगेच उन्हात नेऊ नका. आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या उन्हात. साताऱ्याच्या हवेत ते उन्हाळा काढतं. सांगली-मिरजेकडे मार्च ते मे हिरव्या जाळीखाली ठेवावं लागतं आणि पाणी बोटभर माती कोरडी झाल्यावरच द्यावं लागतं. शेंडा मोडला तर दुसरा सरळ शेंडा सहसा येत नाही, म्हणून पुढच्या नाताळला चांदणी शेंड्यावर न बांधता मागे काठी रोवून तिच्यावर बांधा.